ताटावरचा हात

निलव्वा कलशेट्टीला बाहत्तर वर्षांत कुणी हसलं नव्हतं. पाठीमागं हसले असतील. पण तोंडावर हसायची सोलापुरात कुणाची छाती नव्हती. त्या दुपारी मात्र तिच्याच कारखान्यात, तिच्याच हाताखालच्या बाया तिलाच हसत होत्या आणि आवाज फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबत होत्या.

कारखाना म्हणजे फार काही नव्हतं. राहत्या घरातल्याच दोन पत्र्याच्या खोल्या, सहा शेगड्या, भाकरी वाळवायला अंगण, आणि थापणाऱ्या आठ बाया. कडक भाकरी थापणारी यंत्रं बाजारात येऊन जमाना झाला होता. निलव्वाच्या मते त्या यंत्राची भाकरी म्हणजे पुठ्ठा, आणि ती खाणारा म्हणजे पुठ्ठ्याच्या लायकीचा.

"काय बगलालीस गं, शकीला?"

शकीला सगळ्यात जुनी. तिनं मोबाइलचा घडीचा पडदा लपवायचा प्रयत्न केला, पण भाकरीएवढा पडदा लपवणार कुठं? निलव्वानं तो ओढून घेतला.

पडद्यावर तिचंच स्वयंपाकघर होतं. तोच तवा, तोच ज्वारीचा पत्र्याचा डबा. डब्याशेजारच्या भिंतीतून एक म्हैस अर्धी बाहेर आली होती आणि रवंथ करत होती. शेगडीपुढं बसली होती निलव्वा स्वतः. तेच इरकल लुगडं, कपाळावर तीच विभूती, डाव्या भुवईवर तोच व्रण. हात पुढं भाकरी थापत होते आणि मान पार पाठीकडं फिरली होती. त्या फिरलेल्या तोंडातून निलव्वाचाच आवाज येत होता, "पाय धुतलेस का? आधी पाय धू."

"ही मी हाय?"

"तुम्हीच की अव्वा," शकीला म्हणाली. "मान तेवढी अजून वळली नाही तुमची. बाकी सगळं खरं हाय."

*

हा उद्योग नातीचा. शांभवी थोरल्या मुलाची मुलगी, बावीस वर्षांची, संगणकाचं शिकून घरी बसलेली. घरी बसून काम करते असं ती म्हणायची. निलव्वा फक्त पहिले दोन शब्द धरायची.

त्या काळात खेळ लिहावा लागत नसे, सांगावा लागे. खोलीतून मोबाइल फिरवून आणला की यंत्र ती खोली जशीच्या तशी पडद्यात उभी करी. मग तोंडानं नियम सांगायचे, बाकीचं यंत्र जुळवून घेई. पण जुळवताना त्याला शहाणपण नसतं. शांभवी शूटिंग करत असताना गल्लीतून म्हैस गेली आणि खिडकीत दिसली. यंत्राला वाटलं, ती भिंतीचीच. निलव्वाचं चित्र घेतलं तेव्हा पहिल्या फेरीत ती तव्याकडं बघत होती. दुसऱ्या फेरीत मागं वळून ओरडत होती, "काय करलालीस, भाकरी करपंल." यंत्रानं धड पहिल्या फेरीचं घेतलं आणि डोकं दुसरीचं.

"म्हणजे माझी मान तू पिरगाळलीस."

"तूच वळवलीस अव्वा. मी सांगितलं होतं, हलू नको."

"माझ्या घरात मी हलू नको?"

खेळाचं नाव होतं 'जेवून जा'. खेळणाऱ्यानं घरात यायचं, पाय धुवायचे, अव्वाच्या हातची भाकरी खायची आणि वेळेत बाहेर पडून एसटी गाठायची. इतका साधा खेळ. पण आजवर एकालाही एसटी गाठता आली नव्हती, आणि त्याला कारण होता घरातला एक रिवाज.

कलशेट्ट्यांच्या घरात 'पुरे' म्हटलं तर वाढणं थांबत नाही. 'नको' म्हटलं तर आणखी येतं. थांबवायचं असेल तर ताटावर आडवा हात धरायचा. हात दिसला की वाढणारीनं मागं सरायचं, मग एक शब्द बोलायचा नाही. शांभवीनं हा नियम यंत्राला जसाच्या तसा सांगितला. या घरात वाढलेल्या पोरीला तो सांगायला अवघड नव्हता. पण खेळणाऱ्याला हात द्यायला ती विसरली. हात तयार करणं फार किचकट, पाच बोटं म्हणजे पाच भांडणं, म्हणून तिनं ते काम पुढं ढकललं आणि राहूनच गेलं. खेळणारा म्हणजे पोटाला ताट चिकटलेलं नुसतं धूड. आडवा धरायला हातच नाहीत. मग अव्वा "आणखी घे" म्हणत वाढत राहते, भाकऱ्यांची चवड हनुवटीपर्यंत येते, डोक्यावर जाते, पत्रा फोडून आभाळात जाते, आणि बाहेर एसटी हॉर्न वाजवून निघून जाते.

खेळ भिकारच होता. आणि लोक त्यासाठी वेडे झाले होते.

शांभवीनं आजीला अभिप्राय वाचून दाखवले. परभणीच्या कुणी लिहिलं होतं, "इतका टुकार खेळ मी उभ्या जन्मात बघितला नाही. काल सात वेळा खेळलो." एकीनं लिहिलं होतं, "म्हैस माझ्याकडं अशी बघते जशी मीच भिंतीतून आलेय." वसतिगृहातल्या पोरांनी पैज लावली होती, अव्वाच्या शेगडीवरून उडी मारून दार गाठायचं. अव्वा त्यांना हवेत वाढत होती. आणि एका माणसानं नुसतं एवढंच, "चाळीस भाकऱ्या झाल्या. एसटी गेली. पोट भरलं."

निलव्वानं सगळं ऐकून घेतलं. हाताचं पीठ चोळून काढलं.

"जगाला माझा तमाशा दाखवलास," ती म्हणाली. "मोड ते."

*

मोडायची सोय आयती चालून आली होती.

खेळांच्या बाजाराचा एक 'सुधारक' होता. तो माणूस नव्हे, यंत्रच. खेळणारे गालाच्या हाडावर एक पट्टी लावत, बँडेजच्या पट्टीएवढी, गालपट्टी म्हणत तिला. ती कातडीखालचे स्नायू वाचायची. ओठ माणसाच्या ताब्यात असतात, पाहुण्यापुढं खोटं हसता येतं. पण डोळ्याभोवतीचा स्नायू कुणाचं ऐकत नाही. तो खऱ्या हसण्यालाच आवळतो. तुच्छतेनं हसणाऱ्याच्या ओठाचं एकच टोक वर जातं. रडू दाबताना हनुवटी आतल्या आत थरथरते. पट्टी हे सगळं टिपायची आणि नाव-गाव वगळून खेळ करणाऱ्याकडं एक रेघ धाडायची. सुधारक त्या लाखो रेघा बघून खेळ आपोआप दुरुस्त करायचा. कुठं माणूस अडखळला, कुठं कंटाळला, ते घासून काढायचा. त्यामुळं गेल्या काही वर्षांत सगळेच खेळ मैद्यासारखे झाले होते, पांढरे, मऊ आणि एका चवीचे. मैदा खाऊन कंटाळलेल्यांना शांभवीचा कोंड्यासकटचा खेळ गोड लागला, त्यात नवल नव्हतं.

आता सुधारकानं कळवलं होतं की आठ दिवसांत तो 'जेवून जा' दुरुस्त करील. म्हैस काढील, मान सरळ करील, खेळणाऱ्याला हात देईल. मग खेळ बाजारात पुढच्या रांगेत लागेल. नको असेल तर कारण कळवावं. मग खेळ मागच्या फळीवर जाईल.

"करू दे त्याला दुरुस्त," निलव्वा म्हणाली. "तुझंही भलं होईल."

"होईल," शांभवी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. "अव्वा, एकदा रेघा तरी बघ. लोक तुला हिणवतायत असं तुला वाटतं ना? खवचट हसणाऱ्याची रेघ पिवळी दिसते. शोध एक पिवळी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाया जेवायला बसल्यावर, शांभवीनं मोठा पडदा भिंतीला लावला. एका प्रसंगाच्या पाच हजार रेघा, एकीखाली एक. निलव्वा चौथी नापास. अक्षर तिला जुळवून वाचावं लागे. पण लग्नाआधी सहा वर्षं ती मागावर तुटलेले धागे सांधत होती. ताण्यातला एक धागा ढिला पडला तर तिला तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचा, आणि डोळा म्हातारा झाला तरी ती खोड जात नाही.

भाकरी पत्र्यातून आरपार गेली की सगळ्या रेघा एकदम वर उसळत. मऊ, केशरी. पिवळी एकही नव्हती. निलव्वा एकेक रेघ बघत खाली गेली. पाच हजार माणसं, आणि त्यातल्या एकाच्याही ओठाचं टोक वाकडं झालेलं नव्हतं.

"हसलालेत खरं," ती म्हणाली. "पण वाईट हसत न्हाईत."

"तेच तर सांगतेय."

"थांब. हा धागा का तुटलाय?"

खाली कुठंतरी एक रेघ होती. सगळ्या वर जात तिथं ही खाली जायची. निळी, थरथरती. शांभवीनं आदल्या दिवसाच्या रेघा लावल्या. तिथंही ती होती. त्याच्या आदल्या दिवशीही. रोज दुपारी अडीच वाजता, न चुकता.

"कुणीतरी रडतंय," शांभवी म्हणाली. "रोज येऊन."

"कोण?"

"नाव येत नाही. यायलाही नको, अव्वा. खेळताना तो काय करतो तेवढं दिसतं."

"मी कुठं नाव विचारलं? काय करतो ते दाव."

पडद्यावर ते बिनहाताचं धूड घरात आलं. पाय धुतले. बहुतेक लोक पाय धुवायचं टाळत आणि अव्वाच्या शिव्या खात. यानं नीट धुतले. ताटात पहिली भाकरी पडली. त्यानं ताट तिरकं केलं, भाकरी खाली पाडली, आणि पायानं हळूहळू ढकलत नेली ज्वारीच्या डब्याकडं. डब्याचं चित्र शांभवीनं पुढूनच घेतलं होतं, मागं नुसती पोकळी होती; तिथं सरकवलेली वस्तू दिसेनाशी व्हायची. भाकरी त्या पोकळीत गेली. मग ते धूड शेगडीपाशी येऊन बसलं. अव्वा वाढत राहिली, "आणखी घे." ते उठलं नाही, पळालं नाही. एसटी हॉर्न वाजवून गेली.

निलव्वाचा हात कपाळाकडं गेला आणि विभूतीवर पिठाचा पांढरा पट्टा उमटला.

"कस्तुरी," ती म्हणाली.

*

कस्तुरी ही निलव्वाची धाकटी मुलगी, शांभवीची आत्या. चौदा वर्षांत तिचं नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं.

अप्पा, म्हणजे निलव्वाचा नवरा, गिरणी सुटल्यावर सरळ घरी येणारा माणूस नव्हता. निलव्वाचा कायदा होता की उशिरा येणाऱ्यानं उपाशी झोपायचं, तव्यावरचं संपलं की संपलं. सात-आठ वर्षांची कस्तुरी आपल्या ताटातली पहिली भाकरी डब्यामागं सरकवून ठेवायची, बापासाठी. आईला कळत नाही असं तिला वाटायचं. निलव्वाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यानंतर ती रोज एक भाकरी जास्त थापायची, आणि हे तिनं देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

कस्तुरीचं लग्न झालं. सहा वर्षांनी ती एक पिशवी घेऊन परत आली, त्या घरात आता जाणार नाही म्हणाली. निलव्वानं तिला जेवायला वाढलं आणि वाढता वाढता बोलली. काय बोलली ते तिला अजून शब्दन् शब्द आठवत होतं. दिल्या घरी मेलेली मुलगी मला चालेल, परत आलेली चालायची नाही. जीभ अशी की भाकरीपेक्षा कडक, आणि अप्पा वारल्यापासून तिला लगाम घालायला घरात कुणी उरलं नव्हतं. कस्तुरीनं अर्ध्या भाकरीवरच ताटावर आडवा हात धरला. निलव्वा मागं सरली. कस्तुरी उठली, हात धुतले, पिशवी उचलली आणि गेली. हुबळीला कुठल्या दवाखान्यात काम करते, एवढंच नंतर कानावर आलं.

"तू कधी बोलावलं नाहीस?" शांभवीनं विचारलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिला फक्त उघडं दार आठवत होतं.

"तिनं हात आडवा केला."

"अगं, पण—"

"आपल्या घरात हात दिसला की वाढायचं थांबतात. मी थांबले." निलव्वा पडद्याकडं बघत होती. "इथं तिला हातच न्हाईत. म्हणून मी वाढते न् ती खाते."

 आतल्या खोलीत शकीला कुणालातरी चटणी वाढत होती.

"फोन लावू? नंबर काढता येईल," शांभवी म्हणाली.

"न्हाई." निलव्वा ताडकन म्हणाली. "ती तोंड झाकून आली. आपण पदर ओढायचा न्हाई. ज्या दारानं आली, त्याच दारात बोलायचं. मला सांग, तो तुझा दुरुस्तीवाला आला तर काय काय जाईल?"

"डब्यामागची पोकळी बुजेल. खेळणाऱ्याला हात येतील. वाढणं थांबेल."

"मग त्याला म्हणावं, हात लावू नको."

 पुढच्या रांगेची स्वप्नं शांभवीनंही बघितली होती. पुण्याची एक कंपनी दुरुस्त झालेला खेळ बघायला मागत होती. निलव्वाला ते ठाऊक होतं. तिनं नातीचा हात धरला. तसा हात धरायची या घरात पद्धत नव्हती, त्यामुळं दोघीही जरा अवघडल्या.

"तुझं नुकसान हाय ना त्यात?"

"आहे."

"तुझा खेळ हाय. तू म्हणशील ते."

शांभवीनं पडदा जवळ ओढला. सुधारक कारण विचारत होता. खाली तयार कारणांची यादी होती आणि त्यातलं एकही जुळत नव्हतं. शेवटी एक रिकामी चौकट होती.

"काय लिहू?"

निलव्वानं क्षणभर विचार केला. "लिही, घरातलं हाय."

शांभवीनं तेवढंच लिहिलं. त्या संध्याकाळी 'जेवून जा' मागच्या फळीवर गेला.

*

आता त्या एका खेळणाऱ्यासाठी अव्वाला एक नवं वाक्य द्यायचं होतं. पहिली भाकरी डब्यामागं गेली, तरच उमटेल असं.

माफी मागायची सवय निलव्वाच्या तोंडाला नव्हती. तो शब्द ती पिठासारखा मळत राहिली, पण त्याची भाकरी होईना. पहिल्यांदा ती नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा म्हणाली, "कस्तुरी, झालं गेलं," आणि स्वतःच म्हणाली, "पूस ते, राजकारण्यासारखं वाटतंय." तिसऱ्यांदा रागावली. शांभवीनं मोबाइल खाली ठेवला.

"ती आता इथं बसली असती तर काय म्हणाली असतीस?"

निलव्वानं डब्याकडं बघितलं. खऱ्या डब्याकडं, पत्र्याला गंज आला होता, तरी तिनं तो बदलला नव्हता. घसा खाकरून ती हळूच म्हणाली, "डब्यामागची अप्पांची. मला ठाऊक हाय. ती राहू दे. तू गरम घे." आणि मग खोकला आला.

"हेच," शांभवी म्हणाली. "खोकला काढू?"

"असू दे. तिला कळंल, म्हातारी झाले."

दुसऱ्या दिवशी अडीचला दोघी पडद्यापुढं बसल्या. बाया जेवण सोडून मागं उभ्या राहिल्या. निलव्वानं त्यांना हाकललं नाही. धूड आलं. पाय धुतले. भाकरी पाडली, ढकलली. पोकळीत गेली. फिरलेल्या मानेची अव्वा बोलली.

रेघ थांबली. वर नाही, खाली नाही, आडवी, ताणलेली. निलव्वानं श्वास धरला. धूड जागचं हललं नाही. मग एकाएकी खेळ बंद झाला आणि रेघ संपली.

"गेली," निलव्वा म्हणाली. उठून ती शेगडीकडं गेली आणि थापायला बसली. पहिलीच भाकरी तिच्या हातात फाटली. तिची भाकरी फाटलेली कुणी पाहिली नव्हती. शकीलानं दुसरीकडं बघितलं.

तिसऱ्या दिवशी रेघ आली नाही. चौथ्याही दिवशी नाही. बाकीच्या खेळणाऱ्यांपैकी दोघातिघांची भाकरी चुकून डब्यामागं गेली होती, त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि मागच्या फळीवरही गोंधळ माजला. "हे अप्पा कोण?" "अप्पा म्हणजे म्हैस." "अप्पा एसटी चालवतात, म्हणून ती थांबत नाही." एका मुलीनं लिहिलं, "अप्पा कोण ते माहीत नाही, पण मी आता रोज त्यांच्यासाठी एक ठेवते." थोड्याच दिवसांत शेकडो लोक एसटी सोडून भाकऱ्या डब्यामागं ढकलायला लागले. शांभवीनं हे वाचून दाखवलं तेव्हा निलव्वा म्हणाली, "खुळी हायेत." आणि थोड्या वेळानं, "परत वाच ते पोरीचं."

*

नवव्या दिवशी, दीडच्या सुमाराला, दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीकडं झुकलेली, केस कानामागं पांढरे, खांद्याला पिशवी. कुणी काही सांगायच्या आधीच उंबऱ्याशी वाकून तिनं बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले आणि ती आत आली.

कारखान्यातले थापायचे आवाज एकेक करून थांबले. निलव्वा तव्यापुढं होती. तिनं मान वळवली. मान वळली, हात पुढंच राहिले, आणि मागून शकीलाचा दाबलेला हुंकार ऐकू आला. तो हसण्याचा होता की कशाचा, सांगता आलं नसतं.

"बस," निलव्वा म्हणाली.

कस्तुरी बसली. शांभवीनं ताट मांडलं, शेंगाचटणी आणि दही वाढलं. निलव्वानं तव्यावरची भाकरी काढली, वाफ येत होती, ती ताटात टाकली. कस्तुरीनं ती दोन्ही हातांनी उचलली, डब्याकडं बघितलं, आणि उठून डब्यामागं ठेवून आली.

 निलव्वानं दुसरी वाढली.

"चारची गाडी आहे परतीची," कस्तुरी खाली बघून म्हणाली.

"असू दे."

तिसरी वाढली. कस्तुरी खात होती, हळूहळू, एकेक घास मोडून. डोळ्यांतलं पाणी चटणीत पडत होतं आणि ती तशीच खात होती. चौथी. पाचवीला ताटाचा काठ दिसेना. सहावीला शकीला म्हणाली, "अव्वा, पत्र्याकडं लक्ष असू द्या," आणि सगळ्या बाया हसल्या. निलव्वाच्या डोळ्याभोवतीची कातडी आवळली.

"बास झालं तर हात आडवा कर," ती म्हणाली. "म्हणजे मी थांबते. आपल्या घरची रीत हाय."

कस्तुरीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला हात कुठं आहेत, अव्वा?"

निलव्वानं पिठाचा पुढचा गोळा उचलला. बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी गाडीनं हॉर्न वाजवला आणि ती निघून गेली.